जुन्या व्हाइसला आणि ड्रिल मशिनला टिकणारा रंग कसा निवडावा

रंगाच्या दुकानात जाऊन ‘लोखंडाला लावायला चांगला रंग द्या’ असे म्हटले, की बहुतेक वेळा रेड ऑक्साइड प्राइमर आणि सिंथेटिक एनॅमल अशी जोडी हातात पडते. खिडकीच्या गजांना, फाटकाला किंवा कपाटाला ही जोडी वर्षानुवर्षे पुरते, त्यामुळे दुकानदाराचेही काही चुकत नाही. वर्कशॉपमधील हत्यारांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्यावर ऊन-पाऊस फारसा पडत नाही. पडते ते तेल, कुलंट (कापताना थंडावा देणारे द्रव), थिनर, गरम कीस आणि हातोडीचा घाव. म्हणून ‘सर्वांत चांगला रंग कोणता’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘या हत्याराच्या या भागाला रोज काय सोसावे लागते’ असा प्रश्न विचारला, तर निवड बरीच सोपी होते.

पुढील विवेचनात दोन वस्तू मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत: पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात मिळणारा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, बेंच व्हाइस (बाकाला आवळून बसवलेले, वस्तू घट्ट धरणारे साधन), आणि पट्ट्यावर चालणारे जुने उभे ड्रिल मशिन. लेथ, बेंच ग्राइंडर किंवा हाताने चालणारी शेपिंग मशिन यांनाही हेच नियम थोड्याफार फरकाने लागू पडतात.

कोठे रंग नको, हे आधी ठरवावे

पाने, पकडी, छिन्न्या आणि हातोडीचे डोके यांना रंग देऊ नये. हाताचा घाम, सततचे घर्षण आणि एकमेकांवर आपटणे यांमुळे त्यांच्यावर कोणताच रंग टिकत नाही, उलट सुटलेले पोपडे कामात अडकतात. अशा हत्यारांचा गंज काढून त्यांना ब्लॅक ऑक्सायडिंग (रसायनाने पृष्ठभाग काळा करण्याची क्रिया) करून घ्यावे किंवा नुसता तेलाचा पातळ हात द्यावा. व्हाइसच्या मागच्या बाजूला ऐरणीसारखा जो सपाट भाग असतो, तोही उघडाच ठेवावा, कारण तेथे घाव बसणार हे ठरलेले असते.

त्याचप्रमाणे सरकणारे पृष्ठभाग, स्क्रूचे आटे, जबड्याच्या पट्ट्या आणि त्या जेथे बसतात ती जागा, ड्रिल मशिनच्या टेबलाचा घासलेला वरचा भाग, स्तंभ, तेल घालण्याची छिद्रे, ग्रीस निपल, नावाची पट्टी आणि मोटारीचा अर्थिंगचा बोल्ट यांच्यावर रंग जाता कामा नये. अर्थिंगच्या बोल्टाखाली रंगाचा थर आला तर अर्थिंगचा संपर्क तुटू शकतो, आणि मशिन दिसायला नवे होऊनही हाताला झटका देणारे ठरू शकते. हे सगळे भाग चिकटपट्टी, कागद किंवा ग्रीसचा जाड थर देऊन झाकता येतात. मात्र ग्रीस वापरल्यास ते रंगवायच्या जागेवर पसरणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

सिंथेटिक एनॅमल: गुण आणि एक मोठी खोट

एनॅमल ब्रशने लावता येतो, ब्रशच्या रेघा आपोआप बसतात, कोठेही मिळतो आणि खरवडला गेला तर त्याच डब्यातून पुन्हा हात मारता येतो. घरच्या गॅरेजमध्ये अधूनमधून वापरल्या जाणाऱ्या व्हाइससाठी तो पुरेसा आहे, आणि अशा ठिकाणी महागड्या टू-पॅक रंगाचा (म्हणजे रंग आणि हार्डनर वेगळ्या डब्यांत येऊन लावताना मिसळायच्या रंगाचा) आग्रह धरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

त्याच्या मर्यादा मात्र समजून घ्याव्यात. या रंगातील अल्किड रेझिन वनस्पती तेलांतील आम्लांपासून तयार होते आणि हवेतील ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. हाताला कोरडा लागायला काही तास पुरतात, पण आतपर्यंत पक्का व्हायला काही आठवडे जातात. ‘काल रंगवला, आज बाकाला आवळला’ असे केले, की पायाखाली रंग दबतो आणि वॉशरचा ठसा कायमचा उमटतो. जाड थर एकदम दिला तर वरची साय आधी वाळते, आतला रंग ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात केव्हाही बरे.

मोठी खोट आहे ती अल्कलीची. ड्रिल आणि लेथवर वापरले जाणारे पाण्यात मिसळायचे कुलंट साधारणतः ९ पीएचच्या आसपास, म्हणजे सौम्य अल्कलीयुक्त असते. अल्किडची साखळी ज्या एस्टर बंधांनी जोडलेली असते, ते बंध अल्कली तोडते. तेलापासून साबण बनतो तीच ही क्रिया आहे. त्यामुळे कुलंट साचणाऱ्या तबकातील एनॅमल आधी मऊ पडतो, मग चिकट होतो आणि शेवटी नखाने पापुद्र्यासारखा सुटतो, मग डब्यावर कितीही नामांकित कंपनीचे नाव असो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट दिलेला एनॅमल वर्षा-दोन वर्षांत सुटू लागतो त्यामागेही जस्तावर तयार होणारी अल्कलीयुक्त संयुगे हेच कारण असते. तेव्हा ज्या मशिनवर कुलंट चालते, तिच्या पायथ्याला आणि टेबलाच्या खालच्या बाजूला एनॅमल नको.

इतर पर्याय

एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि बाजारात मिळणारे बहुतेक साधे स्प्रे कॅन यांचा रंग थिनर उडून गेल्यावर वाळतो. दहा-पंधरा मिनिटांत हाताला लागत नाही, हीच त्यांची ओढ असते. पण थिनर उडून वाळलेला रंग थिनर लागताच पुन्हा विरघळतो. ज्या बाकावर रोज कोणीतरी थिनरचा बोळा फिरवते, तेथे असा रंग किती दिवस राहील हे सांगायला नको. शिवाय एनॅमलवर एनसी मारल्यास खालचा थर फुगून उठतो. हाताच्या चाकांसाठी किंवा पट्ट्याच्या कव्हरसाठी स्प्रे कॅन चालू शकतो, पण व्हाइसच्या अंगासाठी नाही.

हॅमरटोन हा ठोकलेल्या पत्र्यासारखे ठिपके उमटणारा रंग आहे. बीडाच्या ओताईतील खडबडीतपणा, वाळूचे खड्डे आणि लहानसहान चरे तो सुरेख झाकतो, त्यामुळे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरण्याचे काम वाचते. तो टिकेल किती, हे मात्र त्याच्या ठिपक्यांवर नसून आतील रेझिनवर अवलंबून असते: हॅमरटोन अल्किडमध्येही मिळतो आणि टू-पॅकमध्येही. खरवडलेल्या जागी पुन्हा हात मारला तर नवे ठिपके जुन्यांशी जुळत नाहीत, आणि डाग दिसतोच.

टू-पॅक इपॉक्सी हा माझ्या मते वर्कशॉपच्या आतील मशिनसाठी सर्वांत समंजस पर्याय आहे. रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर रासायनिक क्रियेने घट्ट होणारा हा थर धातूला घट्ट धरतो आणि तेल, कुलंट, रॉकेल यांना दाद देत नाही. उन्हात तो पांढुरका, खडूसारखा होतो ही त्याची उणीव छपराखालच्या मशिनला बाधत नाही. मिश्रण केल्यावर डब्यावर सांगितले असेल तितकी वाट पाहून, म्हणजे बहुधा १५ ते ३० मिनिटांनी, लावायला घ्यावे आणि काही तासांत संपवावे. पूर्ण ताकद यायला साधारण ७ दिवस लागतात. प्रमाण डब्यावर वजनाने दिले आहे की मापाने, हे नीट वाचावे. हार्डनर ‘थोडा जास्त’ टाकून काम लवकर उरकत नाही, उलट थर ठिसूळ किंवा चिकट राहतो.

टू-पॅक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, चकाकीत आणि उन्हात टिकण्यात इपॉक्सीच्या पुढे आहे. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात तो हव्या त्या छटेत, पाव-अर्धा लिटरसारख्या थोड्या मापातही तयार करून मिळतो, आणि एका व्हाइससाठी ही मोठीच सोय आहे. इपॉक्सी प्राइमरवर पीयूचे दोन हात ही जोडी रोजच्या कामाच्या मशिनसाठी उत्तम. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे या बाबतीत धरून चालता येत नाही. म्हणून पीयू फवारायचा असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असलेल्या रंगाऱ्याकडेच काम द्यावे. घरी करायचे असेल, तर उघड्या पडवीत, हातमोजे घालून, ब्रशने करावे. हार्डनरचा डबा हवेतील ओलावा शोषून आतल्या आत गोठतो, त्यामुळे उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नसतो.

पावडर कोटिंगबद्दल, म्हणजे कोरडी रंगाची पूड फवारून ती भट्टीत वितळवून बसवण्याबद्दल, नेहमी विचारणा होते. थर कणखर असतो, यात वाद नाही. पण वस्तू १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, म्हणजे प्रत्येक सुटा भाग वेगळा करणे आले, ग्रीस आणि रबरी वस्तू काढणे आले, आणि साधी लांबी भरलेली असल्यास ती टिकत नाही. कडक केलेल्या पोलादी जबड्याच्या पट्ट्या या तापमानात थोड्या मऊ पडू शकतात, म्हणून त्या आधी काढून घ्याव्यात. जुन्या बीडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले तेल आणि वायू तापल्यावर बाहेर पडतात आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतात. पत्र्याच्या कव्हरला, स्टँडला, हत्यारांच्या कपाटाला पावडर कोटिंग करून घ्यावे; तेल प्यायलेल्या जुन्या व्हाइसला ते करण्याचा उत्साह मी दाखवणार नाही.

जुना रंग कोणता आहे?

नवा रंग निवडण्याआधी अंगावर असलेला रंग ओळखावा लागतो. कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये भिजवून एखाद्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरावा. रंग विरघळून कापसाला लागला तर तो लॅकर आहे. सुरकुतून उठला तर एनॅमल असण्याची शक्यता जास्त. आणि काहीच झाले नाही तर टू-पॅक किंवा पावडर. यातून पुढचा नियम निघतो: तिखट थिनरचा रंग सौम्य थिनरच्या रंगावर देऊ नये, उलट क्रम मात्र चालतो. पक्क्या वाळलेल्या इपॉक्सी प्राइमरवर एनॅमल खुशाल द्यावा. रेड ऑक्साइडवर पीयू देऊ नये.

जुन्या मशिनच्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आणि तीही औद्योगिक रंगांसाठी नाही. तेव्हा जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी लावून वॉटर पेपरने घासावा किंवा पेंट रिमूव्हरने सोलावा, मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून बाजूला काढावा. रेड ऑक्साइड झिंक क्रोम प्राइमरमधील, म्हणजे आयएस २०७४ या मानकाखाली येणाऱ्या प्राइमरमधील, क्रोमेटही कर्करोगकारक आहे. तो थर घासतानाही हीच काळजी घ्यावी. नव्याने प्राइमर घेताना झिंक फॉस्फेटचा मिळत असेल तर तोच घ्यावा.

जुन्या लेथच्या अंगावरील रंग मुळापर्यंत सोलण्याची घाई करू नये. त्याखाली बहुधा कारखान्यातच भरलेली लांबी असते, आणि ती निघाली की खडबडीत ओताई उघडी पडून काम दुपटीने वाढते. जुना थर घट्ट असेल तर तो घासून खरखरीत करणे पुरते.

पृष्ठभाग: रंग येथेच टिकतो किंवा सुटतो

घासण्याआधी तेल काढावे, नंतर नव्हे. नाहीतर पॉलिश पेपर तेच तेल चऱ्यांत दाबून बसवतो. रॉकेलने मळ सुटतो, पण रॉकेल स्वतः तेलकट पापुद्रा ठेवते, म्हणून त्यानंतर कपडे धुण्याच्या पावडरचे गरम पाणी आणि शेवटी थिनरचा स्वच्छ फडका असा क्रम ठेवावा. कॉस्टिक सोडा तेल आणि रंग दोन्ही खातो, पण अ‍ॅल्युमिनियमच्या पुलीला तो लागू देऊ नये.

बीडाच्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही. बीडात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या आणि छिद्रे असतात, त्यांत अनेक वर्षांचे तेल मुरलेले असते. पुसून कोरडा दिसणारा व्हाइस दुपारच्या उन्हात तासभर ठेवला, की स्क्रूच्या घराभोवती आणि खालच्या कोपऱ्यांत काळसर ओलसर ठिपके उमटू लागतात. ते पुसावेत, पुन्हा तापवावे, पुन्हा पुसावेत, आणि ठिपके येणे थांबेपर्यंत हे करत राहावे. नंतर स्वच्छ पाणी शिंपडून पाहावे: पाणी सलग पापुद्र्यासारखे पसरले तर पृष्ठभाग तयार आहे, थेंब गोळा होऊन सुटे राहिले तर तेल अजून आहे. पाहून झाल्यावर लगेच कोरडे करावे, कारण उघडे बीड बघता बघता लाल पडते.

ग्राइंडरला लावलेला वायर ब्रश गंज काढतो, पण लोखंड गुळगुळीत चकचकीत करून ठेवतो, आणि अशा चकाकीवर रंगाला धरायला काही नसते. म्हणून शेवटचा हात ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरचा असावा. खड्ड्यांत खोल बसलेल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्लाचे द्रावण वापरता येते. त्यावर इपॉक्सी द्यायचा असेल तर उरलेले आम्ल पाण्याने नीट धुवून टाकावे, कारण आम्लाचा अंश इपॉक्सीच्या हार्डनरला बाधतो. गाड्यांची पॉलिएस्टर लांबी भरायची असल्यास ती उघड्या घासलेल्या लोखंडावर किंवा वाळलेल्या इपॉक्सी प्राइमरवर भरावी, रेड ऑक्साइडवर नको.

हवामान आणि वेळ

सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगकाम टाळावे, आणि धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील ओलावा पाणी होऊन धरतो त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे, हा रंगकामातील सर्वमान्य दंडक आहे. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे महिने म्हणूनच सोडून द्यावेत. पण उघडीप असतानाही सकाळी फसगत होते. वीस-पंचवीस किलोचा व्हाइस रात्रभर गार झालेला असतो. हवा लवकर तापते, बीड तापत नाही, आणि त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो. म्हणून अकराच्या सुमारास सुरुवात करून दुपारी तीन-चारपर्यंत थांबणे चांगले. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि १० अंशांखाली साधा इपॉक्सी घट्ट होण्याचे जवळजवळ थांबतो, त्यामुळे तेथे फेब्रुवारीची वाट पाहावी किंवा वस्तू रात्री घरात घ्यावी.

दमट हवेत लावलेल्या इपॉक्सीवर कधी कधी चिकट, पांढरट साय धरते. ती तशीच ठेवून वरचा हात दिला तर तो पुढे सुटतो. कोमट साबणाच्या पाण्याने साय धुवावी, कोरडे करावे, हलके घासावे आणि मगच पुढे जावे.

थरांच्या जाडीचे फार मनावर घेऊ नये. एनॅमलचा एक हात वाळल्यावर सुमारे २० ते २५ मायक्रॉन भरतो. प्राइमरसह तीन हात पुरेसे होतात. धारदार कडांवरून मात्र रंग ओघळून पातळ होतो, म्हणून प्रत्येक हाताच्या आधी कडांवर ब्रशने वेगळी एक पट्टी मारावी. मोटारीच्या थंडाव्याच्या पात्यांवर याउलट कमीत कमी थर ठेवावा.

छटेबद्दल थोडक्यात: आयएस ५ या भारतीय रंगछटांच्या मानकामधील ६३१ क्रमांकाचा फिका करडा किंवा ६३२ क्रमांकाचा गडद करडा, आणि राल या युरोपीय छटा-यादीतील ६०११ हा मशिनचा ओळखीचा हिरवा, यांचे क्रमांक सांगितले की दुकानदार छटा काढून देऊ शकतो. मशिनच्या पायथ्याला फिकी छटा द्यावी, म्हणजे तेलाची गळती लगेच नजरेला येते. लाल रंग बंद करण्याच्या बटणासाठी राखून ठेवावा.

आधी चाचणी, मग वापर

संपूर्ण मशिन रंगवण्याआधी पायाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला तीच तयारी, तोच प्राइमर आणि तोच रंग देऊन ७ दिवस थांबावे. मग ब्लेडने धातूपर्यंत फुली मारावी, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. फुलीच्या कडा शाबूत राहिल्या तर जोडी जमली. रंगाचे तुकडे पट्टीला लागून आले, तर खाली काय दिसते ते पाहावे: उघडे लोखंड दिसले तर तयारीत खोट आहे, प्राइमर दिसला तर प्राइमर आणि वरचा रंग यांचे जुळलेले नाही. त्याच जागेशेजारी आपल्या वापरातल्या कुलंटचे चार थेंब टाकून त्यावर बाटलीचे झाकण उपडे घालावे आणि दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहावे. रंग मऊ लागला, तर तो मशिनला देऊ नये.

रंगवलेला व्हाइस बाकावर बसवताना पायाखाली पातळ रबराची किंवा जाड पुठ्ठ्याची गादी ठेवली, तर टू-पॅकचा थरही तडकत नाही. राहिलेल्या पीयूचा रंग आणि हार्डनर मिसळून ठेवता येत नाहीत, पण न मिसळलेला रंग झाकण घट्ट लावून, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावा. पुढे कोठे टवका उडाला, तर कडा घासून, नव्याने आणलेल्या थोड्या हार्डनरसह तेवढ्याच जागी दोन पातळ हात देता येतात.